थोरल्या बाईसाहेबांचे सहा चाकर

१४ मे

आज फाउस्तोनं भर सभेत परीक्षकांचा गेल्या वर्षीचा शेरा वाचून दाखवला. मुद्दाम, मोठ्यानं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून. "विहीर आळीच्या मिरवणुकीत अडतीस सरदार आणि सरदारणी होत्या, चाकर एकही नव्हता. यांच्या घरी पाणी कोण भरतं?"

विहीर आळीला पाण्यावरून टोमणा! मनोरा आळीवाले वर्षभर यावर हसत असणार. फाउस्तो आमचा नवा प्रमुख. एरवी तो पोरांना गाडी चालवायला शिकवतो, त्यामुळे माणसांशीसुद्धा ब्रेकवर पाय ठेवूनच बोलतो. म्हणाला, यंदापासून नियम बदललाय. प्रत्येक मोठ्या सरदारणीमागे सहा चाकर हवेत, जोडीजोडीनं, त्या काळच्या साध्या कपड्यांत. चाकर नसतील तर सरदारणीनं घरी बसायचं.

सरदारीण म्हणजे मी. पाचशे वर्षांपूर्वी आमच्या सरदाराच्या धाकट्या मुलाला परगावची मुलगी दिली, ती घोड्यावर बसून वेशीतून आत आली, आणि तेव्हापासून रोक्काव्हेन्ता गावाला दुसरं काही सुचलेलंच नाही. दर ऑगस्टात तिन्ही आळ्या आपापली नवरी मिरवतात, आणि परीक्षक गुण देऊन एका आळीला निशाण देतात. आमच्या आळीत नवरी दरवर्षी नवी असते, पण नवरीची आई, थोरल्या बाईसाहेब, गेली एकोणीस वर्षं मीच. डाळिंबी मखमलीचा तो झगा मी माझ्या हातानं शिवलाय.

"चाकर कोण होणार? हात वर करा," फाउस्तो म्हणाला. सगळ्यांचे हात मांडीखाली. माझी शेजारीण व्हान्दा छताकडे बघत बसली. ब्रूनो खाटीक तर उठून उभाच राहिला. "माझ्या आजोबांनी जन्मभर लोकांची ओझी वाहिली. मी वर्षात एक दिवस सरदार होतो, तोही तुम्ही काढून घेणार?"

शेवटी फाउस्तो म्हणाला, "नेरीना, तू शिंपीण आहेस. कपडे तूच शिव, आणि चाकरही तूच शोध. शेवटी ते तुझेच आहेत."

मेल्याच्या डोक्यात खुर्ची घालावीशी वाटली. पण खरं लिहायचं तर मी घाबरले. माझा नवरा आल्दो गेल्याला नऊ वर्षं झाली. वर्षभर मी कुणाच्या झिपा बदलते, कुणाच्या विजारी आखूड करते, आणि लोक माझ्याशी बोलताना बघतात कपड्याकडे. त्या एका दिवशी मात्र सगळं गाव माझ्याकडे बघतं. तो दिवस गेला तर माझ्याकडे उरलं काय?

१६ मे

सासूबाईंना, म्हणजे आर्जियाबाईंना, विचारून पाहिलं. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी पाठ ताठ आहे, जीभ त्याहून ताठ. वरच्या मजल्यावर राहतात, दिवसातून दहा वेळा काठी आपटून मला हाक मारतात.

"आर्जिया सोडून गावात कुणी उरलं नाही का?" त्या म्हणाल्या. "मी अकराव्या वर्षी टेकडीवरच्या मोठ्या घरात भांडी घासायला लागले. तेव्हा निदान पैसे तरी मिळायचे. आता फुकटात दासी होऊ?"

"अहो, नाटकातली दासी."

"नाटकात तरी मला बसायला दे. आणि तुझी ती मखमल का नाही देत?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. वय झालंय त्यांचं, कधी कधी गंमत कळत नाही त्यांना.

१९ मे

नवल! पहिला चाकर मिळाला, आणि तोही कोण, तर सेत्तिमिओ. बाजारचौकातल्या हार्डवेअरच्या दुकानाचा. आम्ही एका वर्गात होतो. लग्न नाही केलं त्यानं. खिळे वजन करून विकतो आणि बोलतो त्याहून कमी. मिरवणुकीत तो आमच्या पहारेकऱ्यांचा कप्तान असतो, खऱ्या पोलादाचं चिलखत, शिरस्त्राणावर लाल तुरा. त्या जागेवर निम्म्या आळीचा डोळा आहे. आणि हा बाबा दुकान बंद करून माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "चिलखत दुसऱ्याला दिलं. मी ओझं उचलीन."

"वेडबिड लागलंय का तुला?"

"गुडघा दुखतो. चिलखत झेपत नाही आता."

तेही खरंच. साठी उलटली आमची. मी मापं घेतली. इतका अवघडून उभा राहिला की छातीचं माप दोनदा घ्यावं लागलं, श्वासच सोडेना. मग म्हणाला, वर जाऊन आर्जियाबाईंना नमस्कार करून येतो. दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला, आणि बराच वेळ खाली आलाच नाही. म्हाताऱ्या माणसांची चौकशी करतो हा त्याचा चांगला गुण.

२ जून

कापडाचा प्रश्न सुटला. बाजारात मिळतं ते सगळं चमकतं, आणि चमकलं की परीक्षक गुण कापतात. गेल्या साली वेस आळीच्या एका भालदाराच्या पायात पांढरे बूट होते, त्याचेही कापले. मग मला आमच्या आज्यांच्या पेट्या आठवल्या. लग्नात दिलेल्या लिननच्या चादरी प्रत्येक घरात पडून आहेत, जाड, खरखरीत, कधीच न वापरलेल्या. अशा चादरीचे आतले झगे फार सुंदर होतील. वरून साध्या लोकरीचा अंगरखा, नाडीनं बांधायच्या बाह्या, एप्रन, डोक्याला फडकं. बस्स. ना जर, ना मोती, ना चुण्या.

चादरी मागायला घरोघर फिरले. चाकर व्हायला कुणी तयार नव्हतं, पण चादर द्यायला सगळे पुढे! एकीनं दिली तर दुसरीला राहवेना. आता भांडण आहे कोपऱ्यातल्या भरतकामावरून. आमच्या आजीची अक्षरं कापायची नाहीत, म्हणे. मी सांगितलं, अक्षरं काखेत जातील, कुणाला दिसणार नाहीत. "काखेत? आमची आजी?" असं व्हान्दा ओरडली.

व्हान्दा बेकरीवाली. जीभ सैल, मन साफ. चादर तर दिलीच, पण जाता जाता म्हणाली, "दासींना मिरवणुकीत काय उचलायचं असतं?"

"पाण्याचा तांब्याचा हंडा. मधून दांडा घालून, दोघांनी."

"दुसऱ्या टोकाला कोण?"

"सेत्तिमिओ."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बरं, मी करते दासी. तेवढ्यापुरतं." तेवढ्यापुरतं म्हणजे काय ते विचारायचं राहिलं.

२५ जून

आज हात लिहिण्याच्या लायकीचे नाहीत, कागदावर बोटं उमटताहेत. हिरव्या अक्रोडांचे दिवस. सगळं गाव सान जोव्हान्नीच्या सणाला अक्रोडांची दारू घालतं, आम्ही टरफलांच्या पाण्यात कापड रंगवायला घातलं. अंगणात मोठं पातेलं मांडलं, मी आणि सेत्तिमिओ काठ्यांनी ढवळत होतो. वास असा की मांजर तीन घरं सोडून गेलं. पण रंग! ओल्या मातीसारखा तपकिरी, एकसारखा कुठंच नाही. बाजारातला रंग असा जिवंत दिसत नाही.

काठीनं नीट बुडेना तेव्हा सेत्तिमिओनं कोपरापर्यंत हात घातले, म्हणून मीही घातले. आता दोघेही कोपरापर्यंत काळे, आणि हे आठवडाभर तरी जाणार नाही. संध्याकाळी कॉफी प्यायला गेलो तर सगळं हॉटेल आमच्या हातांकडे बघायला लागलं. मग ब्रूनो खाटीक म्हणाला, "अरे वा, दोघांचे हात एकाच रंगाचे!"

"एकाच पातेल्यात होते ना," मी म्हटलं. "त्यात हसण्यासारखं काय आहे?"

ते आणखीच हसले. सेत्तिमिओ साखर ढवळत राहिला. तो साखर घेत नाही. पण एक झालं, ब्रूनोनं चाकर व्हायचं कबूल केलं, बायकोसकट. म्हणाला, हे नाटक जवळून बघायला मिळत असेल तर मी ओझंही वाहीन.

८ जुलै

सेत्तिमिओच्या सदऱ्याची बगल उसवली. सदरा अजून अंगात घातलेला नाही, माझ्या खोलीत खुंटीवर टांगलेला, आणि बगल उसवलेली! बगलेखाली मी चौकोनी कळी लावलीय, हात कितीही वर करा, ताण येत नाही. तोच तर त्या जुन्या शिवणीचा फायदा. दोऱ्यातच खोट असणार. त्याला बोलावून घेतलं, पुन्हा माप घेतलं, पुन्हा शिवलं. त्यानं येताना अंजिरं आणली. बसला, दोन तास. काय बोललो आठवत नाही, पण मी खूप हसले एवढं खरं.

१५ जुलै

पुन्हा उसवली. आता डावीकडची. दोरा बदलला होता, मेण लावून घेतला होता. चाळीस वर्षं शिवणकाम करतेय, अशी नाचक्की कधी झाली नाही. उसवलेली जागा नीट बघितली तर धागा तुटल्यासारखा नाही, कापल्यासारखा सरळ. उंदीर असावा. परत त्याला बोलावलं. परत अंजिरं.

बारीक कात्रीही सापडत नव्हती. सगळं घर पालथं घातलं, शेवटी सासूबाईंच्या उशीखाली मिळाली. "नखं कापायला नेली होती," म्हणाल्या. उशीखाली कुणी नखं कापतं का? हल्ली विसरायला लागल्यात. जिवाला लागलं माझ्या.

२२ जुलै

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ झालंय. मी मखमलीचा झगा बाहेर काढला, पाठीच्या नाड्या बांधून बघायला. आत पोटपट्टी, वर अस्तर, वर मखमल, वर ती तीन किलोची बाही. पाच मिनिटांत डोळ्यांपुढे काजवे. खाली बसता येईना, वाकता येईना. दरवर्षी असंच होतं, आणि दरवर्षी मी घाम पुसून हसत चालते, कारण लोक बघत असतात.

काढून फेकला. आणि समोर व्हान्दाचे कपडे टांगलेले. आम्ही दोघी एकाच घेराच्या, शिवण नीट बसलीय का बघू म्हणून सहज घातले. आतला लिननचा झगा अंगाला लागला आणि जीव गार झाला. वरचा अंगरखा पुढून बांधायचा, कुणाची मदत नको. बाह्या सोडल्या तर वारा आरपार. हात वर केले, गेले. खाली बसले, बसता आलं. मग मी काय केलं तर खोलीत एकटीच नाचले. एकसष्ट वर्षांची बाई, अनवाणी! मुलगी झाले होते मी परत.

तेवढ्यात दारात सेत्तिमिओ. यावेळी त्यानं घरी नेलेल्या सदऱ्याची कॉलर उसवली होती. तो तसाच उभा. "एप्रन वाकडा बांधलाय का?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "अजिबात वाकडा नाही."

मग सदरा न देताच निघून गेला. अंजिरंही घेऊन गेला. या माणसाचं काही कळत नाही.

२६ जुलै

सहा पुरे झाले! शाळेतल्या दोघी शिक्षिका स्वतःहून आल्या. उकाड्यात मखमल नको, आम्हाला तुझे कपडे दे, म्हणाल्या. फाउस्तो आता उलटा वैतागलाय. निम्मे सरदार त्याला विचारताहेत, साध्या कपड्यांत जागा आहे का. "मला चाकर नकोत आता, सरदार हवेत!" असं तो रस्त्यात ओरडत होता. मी खिडकीतून त्याला हात केला. फार बरं वाटलं.

माझी जागा पक्की झाली. मखमल घालून मी विसाव्या वर्षी चालणार. पण खरं सांगायचं तर आनंद मला वाटला होता तेवढा झाला नाही. उकाड्याचा परिणाम असेल.

३ ऑगस्ट

रंगीत तालीम. मी पुढे, मागे माझे सहा चाकर. मागे वळून बघायचं नाही असा थोरल्या बाईसाहेबांना नियम आहे, आणि मागे काय चाललंय ते मला बघायचं होतं. व्हान्दा आणि सेत्तिमिओनं हंडा सांडला, सगळे खो खो हसत होते. मी एकटी पुढे, हनुवटी वर करून. थोडं चुकल्यासारखं वाटलं, आपल्याच घरच्या जेवणात आपल्याला वेगळं ताट वाढल्यासारखं.

परत येताना व्हान्दाला म्हटलं, "मजा आहे बाई तुमची."

"हंडा जड आहे," ती म्हणाली, "आणि तो माणूस वाटभर एक शब्द बोलत नाही माझ्याशी. सारखा तुझ्या पाठीकडे बघत असतो."

"झग्याच्या मागच्या शिवणीकडे बघत असेल. नाडी सैल झालीय तिथली."

व्हान्दानं कपाळाला हात लावला. ऊन लागलं असावं.

८ ऑगस्ट

सासूबाईंनी आज केस सेट करून घेतले. चौकातल्या पार्लरमध्ये गेल्या, टॅक्सीनं! दरवर्षी बाल्कनीतल्या खुर्चीत बसून मिरवणूक बघतात, त्यासाठी एवढा थाट! मी काही बोलले नाही. म्हाताऱ्या माणसाची हौस.

झगा शेवटचा इस्त्री करायला काढला तर खालचा घेर चांगला वीतभर दुमडून धावदोऱ्यानं टाचलेला. मी कधी केलं हे? वसंतात धुताना केलं असेल आणि विसरले. आता उसवायला वेळ नाही, सकाळी बघू.

१० ऑगस्ट

काल मिरवणूक झाली. काल लिहायला हात रिकामे नव्हते, आणि का नव्हते तेच सांगायचंय.

दुपारी चार वाजल्यापासून माझी खोली म्हणजे धर्मशाळा. मी नेहमी सगळ्यांत शेवटी कपडे करते, कारण बाकीच्यांच्या नाड्या मलाच बांधाव्या लागतात. नवरी तयार, सरदार तयार, पाच चाकर तयार. व्हान्दाचा पत्ता नाही. तेवढ्यात ती आली, लंगडत. "पाय मुरगळला गं! पाऊल टेकवत नाही!"

"उजवा ना?" मी म्हटलं, कारण ती उजवा धरून होती.

"हो, उजवा," असं म्हणून तिनं डावा उचलला. वेदनेत माणसाला भान राहत नाही.

बाहेर ढोल सुरू झाले. फाउस्तो दारात. "पाच चाकर? पाच चालणार नाहीत! सहा नसतील तर थोरल्या बाईसाहेब नाहीत, आणि थोरल्या बाईसाहेब नाहीत तर मिरवणूक बाद!" त्याच्या मानेची शीर थडथड उडत होती. सगळ्या बायका मखमलीत गुंडाळलेल्या, त्यांना उसवून काढायला तास लागला असता. कपडे न केलेली सबंध खोलीत मी एकटी. आणि व्हान्दाचे कपडे मला बसतात हे मला माहीत होतं.

मी त्या कपड्यांकडे बघितलं, मग मखमलीकडे बघितलं. एकोणीस वर्षं! तिच्यावरून एकदा हात फिरवला. म्हटलं, "दासी मी होते. पण मग बाईसाहेब कोण होणार?"

"मी," असा मागून आवाज आला.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर सासूबाई. केस लखलखीत, ओठांना लाली, पायात आधीच रेशमी मोजे. कुणी हसलं नाही. व्हान्दा एका पायावर टुणकन उडी मारून त्यांची नाडी बांधायला धावली. आणि मखमल त्यांना अशी बसली की जणू मापानं शिवलीय. घेर दुमडलेला होता तो किती बरोबर लांबीचा! काय योगायोग असतात एकेक.

निघताना फाउस्तो म्हणाला, "आर्जियाबाई, तो चष्मा काढा. गुलाबी प्लास्टिकचा आहे. परीक्षक गुण कापतील."

"मी चौऱ्याऐंशी वर्षं थांबले," त्या म्हणाल्या. "मला बघायचंय."

निघालो. पुढे त्या, एका हातात काठी, दुसरा हात हवेत. मागे आम्ही जोडीजोडीनं. दांड्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सेत्तिमिओ, मधे हंडा. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळं गाव सासूबाईंकडे बघत होतं, टाळ्या वाजवत होतं, "आर्जिया! आर्जिया!" म्हणून ओरडत होतं. आणि मला वाईट वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. वारा बाह्यांतून जात होता. हंड्यातलं पाणी हिंदकळून पायावर पडत होतं, गार गार. बाल्कनीतून कुणीतरी भाजलेले बदाम टाकले, ते मी झेलून खाल्ले. बाईसाहेबांना कधी असलं काही खाता येत नाही.

"दरवर्षी मी तुझ्या मागे चालायचो," सेत्तिमिओ मधेच म्हणाला. "कप्तान असताना."

"माहीतंय की."

"शिरस्त्राण असं होतं की फक्त समोरचं दिसायचं. म्हणून घेतलं होतं ते मी."

हे काय बोलणं? मी हंड्याकडे लक्ष दिलं. पण कान तापले माझे, ते उन्हानं नव्हतं. सूर्य कधीच घरांच्या मागे गेला होता.

टेकडीवरच्या मोठ्या घरापाशी मिरवणूक संपते. आता तिथं नगरपालिकेचं वाचनालय आहे. त्या दिवशी पुढचं मोठं दार उघडतात आणि महापौर बाईसाहेबांना हात धरून आत नेतात. दारासमोर सासूबाई थांबल्या. इतका वेळ थांबल्या की ढोलवाले गोंधळले. मी हंडा खाली ठेवून पुढे गेले. "काय झालं? दमलात?"

"या दारानं मी कधी आत गेले नाही," त्या हळूच म्हणाल्या. "कोपऱ्यावरून मागे जायचे. हिवाळ्यात हातांना भेगा पडायच्या." मग माझ्याकडे वळल्या, चष्म्याच्या काचा ओल्या झालेल्या. "नेरीना, माझा मुलगा गेला. तू नाही गेलीस, तुला अजून जगायचंय. हे नऊ वर्षं सांगायचं होतं, धीर होत नव्हता."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली, पाठ ताठ केली, आणि महापौरांचा हात धरून पुढच्या दारानं आत गेल्या. सगळी टेकडी टाळ्यांनी दणाणली.

निशाण मनोरा आळीला मिळालं, अर्ध्या गुणानं. तो अर्धा गुण गुलाबी चष्म्याचा. चाकरांच्या कपड्यांना मात्र आम्हाला पैकीच्या पैकी, आणि परीक्षकबाई माझी बगलेची कळी उलटून बघत होत्या. फाउस्तोनं आधी कपाळ बडवून घेतलं, मग दोन पेले प्याल्यावर सासूबाईंचा हात चुंबून आला.

अंगणात पानं मांडली होती. भाजलेलं डुक्कर, पाव, लाल वाइन. व्हान्दा ब्रूनोबरोबर नाचत होती, दोन्ही पायांवर. पाय एवढ्या लवकर बरा झाला, ती पायाला जे तेल चोळते त्यात गुण आहे खरा. मी नि सेत्तिमिओ बाकावर बसून पाव खात होतो, पाय पसरून, आणि मला वाटत होतं की इथून उठूच नये.

मग काठीचा आवाज आला. सासूबाई टेबलाच्या टोकाला, मखमलीत, उभ्या.

"मी आज बाईसाहेब आहे ना?"

"आहात, आहात!" असा गलका.

"मग हुकूम ऐका. सेत्तिमिओ, ऊठ. मे महिन्यापासून माझ्याकडे येऊन बसतोस, माझी बिस्किटं संपवलीस. आता विचारायचं असेल तर विचार, नाहीतर उद्यापासून माझा जिना चढायचा नाही."

तो उठला. एप्रनची गाठ चाचपत राहिला. कान लालबुंद. मला एकदम सगळ्यांचे चेहरे दिसले, हात तोंडावर ठेवलेले. हा माणूस काय विचारणार आहे ते माझ्या आधी सगळ्या आळीला ठाऊक होतं की काय? पण ते कसं शक्य आहे, मलाच तर आत्ता कळत होतं.

"नेरीना," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी हंड्याचं दुसरं टोक तू धरशील का?" मग घसा खाकरला. "आणि मधलं वर्षभरसुद्धा?"

मी आधी सासूबाईंकडे बघितलं. त्या आल्दोच्या आई. त्यांनी हनुवटी हलवली, अगदी थोडी, बाईसाहेबांना शोभेल अशी.

"धरीन," मी म्हटलं. मोठ्यानं, म्हणजे पुन्हा कुणाला विचारायला नको.

मग जो आरडाओरडा झाला, तो वेस आळीपर्यंत गेला असेल. आणि मी रडायला लागले, भरल्या अंगणात, सगळ्यांसमोर. एकोणीस वर्षं कितीदा डोळे भरून आले असतील, पण मखमलीनं डोळे पुसता येत नाहीत, डाग पडतो. काल मी एप्रन उचलला आणि खुशाल तोंड पुसलं. लिननचं कापड पाणी झटकन टिपतं. मग दुसरं टोक त्याला दिलं, कारण तोही रडत होता.